मोह पडायच्या दिवसांत धडगावकडे

फाल्गुन संपत आला की शहाद्याच्या आठवडे बाजारात डोंगरातल्या बायका मोहाची वाळलेली फुलं घेऊन बसतात. मसाल्याच्या दुकानांपुढे, कांद्याच्या ढिगाला लागून. फुलं मनुकांसारखी दिसतात, थोडी मोठी आणि चिकट. लांबून वास येत नाही, पण टोपलीजवळून गेलं की येतो आणि मग बराच वेळ नाकात राहतो. गोड, जड, किंचित आंबूस. आमच्याकडे त्याला कोणी मोह म्हणत नाही, महू म्हणतात. आणि कोणी "महूची" असं म्हटलं, की ती फुलं नसतात, ती बाटली असते.

लग्न होऊन मी शहाद्याला आले तोवर मला हा वास माहीत नव्हता. माहेरी, म्हसावदच्या बाजूला, आमचं शेत ऊस-केळीचं, घर माळकऱ्यांचं. लग्नानंतर मला तो सुधाकरच्या शर्टावरून समजला. सुधाकर माझा नवरा. त्याचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. उन्हाळ्यात त्याच्याकडे मोटारींची रांग लागते, कारण पाणी खोल जातं आणि मोटारी जळतात. हात चांगला. पण त्या वर्षांत दुपारनंतर हात थरथरायचा. संध्याकाळी दुकान बंद करून तो कुठं जातो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. शाळेत मला कोणी काही विचारत नसे, हे जास्त लागायचं.

त्या दिवसांचं सविस्तर सांगण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरी असं असतं त्यांना ते ठाऊक असतं. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सोडली ती राहिली. ती का राहिली हे त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालण्यात त्याचं मन रमेना. दुकानातल्या एका जुन्या सायकलला तेलपाणी करून तो एकदा पहाटे लोणखेड्याच्या पुढं जाऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. काही महिन्यांनी मीही एक सायकल घेतली. मैत्रिणींना मी सांगायचे की गुडघ्यांसाठी. खरं कारण असं की तो घराबाहेर असताना मला घरात बसवत नसे.

अशी सकाळची सायकल चालवणारी माणसं गावात आणखी होतीच. रमणकाका, शेतीखात्यातून निवृत्त झालेले, पासष्टीच्या पुढचे, पण चढाला आमच्याआधी वर पोचणारे. दीपाली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, नुकती नोकरीला लागलेली. आणि सायसिंग पावरा सर, आश्रमशाळेवरचे शिक्षक. त्यांचं गाव धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या अंगाला. आम्ही पाच जण रोज भेटत होतो. सुधाकर पीत होता हे रमणकाकांना माहीत होतं. बाकी दोघांना नव्हतं, आणि त्यानं किंवा मी ते सांगितलं नव्हतं.

होळी झाल्यावर एका सकाळी चहाच्या टपरीवर रमणकाकांनी विषय काढला. चार दिवस काढायचे. म्हसावदवरून घाट चढून धडगाव, तिथून सरांच्या गावी मुक्काम, नर्मदा बघायची आणि चांदसैलीच्या घाटानं तळोद्याला उतरून घरी.

"आत्ताच जाऊ," सायसिंग सर म्हणाले. "मोह पडतोय. वर्षातून एकदाच बघायला मिळतं."

दीपालीचे डोळे चमकले. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. घरी आल्यावर सायकल आत घेता घेता म्हणाले, "तठे आते महू पडी ऱ्हायना व्हयी."

"पडू दे," सुधाकर म्हणाला. "झाडले सांगू का, पडू नको म्हनीसन?"

तो हसला. मला हसू आलं नाही. पावसाळ्यानंतर जाऊ, रजा मिळणार नाही, ऊन वाढलंय, असं सगळं बोलून झालं. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्या सायकलच्या चेनला तेल सोडत बसला.

शहादा ते म्हसावद हा रस्ता मला पाठ आहे. पण माहेरच्या रस्त्यावरून सायकलवर जाताना तो वेगळा दिसतो. गव्हाची कापणी उरकलेली, धसकटं उभी. पपईच्या बागांत फळांना कागदाची वेष्टनं. उसाच्या शेतातून येणारा ओलसर गारवा पायाला लागायचा आणि शेत संपलं की लगेच ऊन लागायचं. म्हसावदला भावानं रस्त्यावर थांबून आम्हाला ताक पाजलं. त्यानं सुधाकरकडं बघितलं, मग माझ्याकडं. सगळ्या कुटुंबाला ही सवय लागली आहे. आधी त्याच्याकडं बघायचं, मग माझ्याकडं, आणि माझ्या चेहऱ्यावरून ठरवायचं की कसं चाललंय.

म्हसावद सोडलं की थोड्याच वेळात सपाटी संपते. सातपुडा समोर दिसत असतो तो एकदम अंगावर येतो. चढावर कोणी बोलत नाही. आपला श्वास, चेनचा आवाज, आणि मधूनच हॉर्न वाजवत वर जाणारी जीप. जीपच्या टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, आणि ती सगळी आमच्याकडं वळून बघणारी. एका वळणावर टपावरच्या म्हाताऱ्यानं पावरी बोलीत काहीतरी विचारलं. सायसिंग सरांनी उत्तर दिलं आणि सगळी जीप हसली. काय विचारलं, असं दीपालीनं विचारल्यावर सर म्हणाले, "जीपमध्ये जागा नव्हती का, म्हणून विचारत होते."

पळसाचा बहर ओसरला होता. झाडं बहुतेक उघडी, डोंगर तपकिरी. त्या तपकिरी उतारावर मोहाची झाडं ओळखू यायची ती त्यांच्या खालच्या जमिनीवरून. प्रत्येक झाडाखाली काळं वर्तुळ. फुलं पडायच्या आधी लोक खालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करून ठेवतात, म्हणजे फूल वेचायला सोपं जातं. दूरवर एखादं काळं वर्तुळ दिसलं की वर झाड आहेच. वास मात्र तेव्हा नव्हता. दुपार होती, फुलं सकाळीच उचलली गेली होती.

धडगावला सरांच्या एका नातेवाइकाच्या गच्चीवर झोपलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो आणि तेव्हा वास आला. वाऱ्याची झुळूक यायची आणि तिच्याबरोबर तो यायचा. झुळूक थांबली की जायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका, पोरी, म्हातारी माणसं वाकून फुलं वेचत होती. ताजं फूल पिवळसर पांढरं असतं, द्राक्षासारखं रसरशीत. वरून टपटप पडत राहतं. डोक्यावर पडतं, पाठीवर पडतं. दीपाली सायकल टाकून झाडाखाली जाऊन उभी राहिली. एका बाईनं तिच्या हातात चार फुलं ठेवली. तिनं एक तोंडात टाकलं आणि मला दिलं. साखरेसारखं गोड, आणि मागून घशात किंचित उग्र. मी गिळलं. सुधाकर पुढं उभा होता. त्यालाही कोणी फूल दिलं. त्यानं ते हातात धरलं, वास घेतला आणि खाल्लं.

मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

सायसिंग सरांचं घर एका टेकडीच्या उतारावर एकटं होतं. शेजारचं घर पुढच्या टेकडीवर. बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढं सारवलेलं मोठं अंगण, आणि अंगणभर वाळत घातलेला मोह. सरांच्या आईनं आम्हाला पाणी दिलं. वडील उंच, सरळ पाठीचे, कमी बोलणारे. ते तळोद्याच्या बाजारात जात-येत असल्यानं थोडी अहिराणी बोलायचे. आमच्या सायकली त्यांनी एकेक उचलून बघितल्या आणि रमणकाकांची सर्वांत हलकी निघाली तेव्हा मान हलवली.

संध्याकाळी उडदाची डाळ आणि भाकरी झाल्यावर आम्ही अंगणात खाटांवर बसलो. सरांच्या वडिलांनी आतून बाटली आणली आणि पळसाच्या पानांचे द्रोण. बसल्या बसल्या त्यांनी पहिल्या द्रोणात थोडी ओतली आणि ती जमिनीवर सांडली. गेलेल्या माणसांसाठी असते, सर म्हणाले. मग त्यांनी द्रोण भरला आणि वयाचा मान म्हणून रमणकाकांना दिला. दुसरा भरला आणि सुधाकरपुढं धरला.

सुधाकरचा हात खाटेवरून थोडा वर आला होता. तो घ्यायला की नको म्हणायला, हे मला अजून माहीत नाही.

"त्यांना शुगर आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."

सरांनी ते पावरीत सांगितलं. वडिलांनी द्रोण मागं घेतला, सरांच्या आईला काहीतरी म्हणाले आणि आई सुधाकरसाठी भाजलेली मोहाची फुलं घेऊन आली. दीपाली म्हणाली, "मला माहीतच नव्हतं शुगर आहे ते. तुम्ही चहात तर साखर घेता." सुधाकर म्हणाला, "कमी घेतो." आणि बाटली पुढं सरकली. रमणकाका माझ्याकडं बघत नव्हते, पण त्यांनी दुसरा द्रोण घेतला नाही.

असं मी पहिल्यांदाच बोलले नव्हते. लग्नांत, साखरपुड्यांत, निवडणुकीच्या दिवसांत, त्याच्या व्यापारी मित्रांच्या घरी, जिथं जिथं कोणी त्याच्यापुढं काही धरलं तिथं मीच बोलले होते. कधी पित्त, कधी गोळ्या चालू आहेत, कधी उपास. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ज्या बाईनं नवऱ्याला चिखलातून उठवून आणलं आहे तिला त्याच्यापुढचा ग्लास बाजूला करताना विचार करावा लागत नाही. हात आपोआप जातो.

सकाळी मी जागी झाले तेव्हा उजाडत होतं आणि सुधाकरची खाट रिकामी होती. सायकल जागेवर. सर आणि त्यांची आई झाडांकडे गेले होते. रमणकाका दात घासत होते. त्यांनी मला बघून नाल्याकडं बोट केलं.

नाल्याच्या दिशेनं धूर दिसत होता. भट्टी पाण्याजवळ लावतात हे मला ठाऊक होतं. मी चप्पल न घालता निघाले. उतारावर फुलं पडलेली होती, पायाखाली चिरडत होती, तळवे चिकट झाले. जाता जाता मी बरंच काही ठरवलं. आरडाओरडा करायचा नाही. सगळ्यांसमोर तर नाहीच. जीप बघायची आणि त्याला घेऊन खाली यायचं. सासूबाईंना काय सांगायचं, दुकान किती दिवस बंद ठेवायचं, व्यसनमुक्ती केंद्रात पुन्हा न्यायचं का, एवढं सगळं त्या छोट्या उतारावर माझ्या डोक्यात झालं.

नाल्याच्या काठावर तीन दगडांवर मोठं मडकं होतं. त्यावर दुसरं भांडं, सांधे मातीनं लिंपलेले, आणि त्यातून एक बांबूची नळी खालच्या घड्यात गेलेली. सरांचे वडील लाकडं सारत होते. सुधाकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता. दोघांची माझ्याकडं पाठ होती. हातात काही नव्हतं, एवढंच मला आधी दिसलं. मी करंजाच्या झाडामागं थांबले.

नळीतून एकेक थेंब पडत होता. मग सुधाकर म्हणाला, "बाबा, माले शुगर-बिगर काही नही. मी पहिले भलती पेयेल शे. आते सोडी दिधी."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं की नाही ते मला समजेना. त्यानं एक लाकूड आत सारलं, हात झटकले आणि आपल्या दुसऱ्या बाजूची जमीन दाखवली.

"मंग इकडे बस," तो म्हणाला. "तिकडे वाफ येस."

सुधाकर उठला आणि इकडच्या बाजूला येऊन बसला. बस, एवढंच. म्हातारा पुन्हा लाकडं बघू लागला. कौतुक नाही, सल्ला नाही, का सोडली हा प्रश्न नाही. जागा बदलून दिली.

मी तशीच मागं फिरले असते, पण पायाखाली काटकी मोडली आणि सुधाकरनं वळून बघितलं. तो उठून आला. आम्ही दोघं चढ चढायला लागलो. थोडं वर आल्यावर तो म्हणाला, "माले शुगर कव्हय व्हयनी?"

"मंग मी काय सांगाले पाहिजे व्हतं?"

"तू नही. मी सांगाले पाहिजे व्हतं."

मी थांबले. दम लागला होता, आणि रागही आला होता. "आनि तू पी लेता तं?"

यावर तो रागावेल असं वाटलं होतं. तो पायातल्या चपलेला चिकटलेली फुलं दगडावर घासून काढत राहिला. मग म्हणाला, "मालेबी माहीत नव्हतं. म्हनीसन तं बसनू तठे."

मला त्याचं तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. विहिरीच्या काठावर उभं राहून आपल्याला भोवळ येते का ते बघायचं, असला तो प्रकार. तो बसला आणि उठून आला म्हणून ठीक. पण एक गोष्ट मला त्या चढावर समजली. इतक्या वर्षांत त्यानं "मी पीत नाही" हे वाक्य कोणाला सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते एका अनोळखी माणसाला सांगताना, तेही मी लपून. त्याचा आवाज साधा होता. मोटार किती हॉर्सपॉवरची आहे हे सांगताना असतो तसा.

त्या दिवशी आम्ही नर्मदेवर गेलो. रस्ता जिथं संपतो तिथं सायकली ठेवून चालत उतरलो. धरणानं अडवलेलं पाणी समुद्रासारखं पसरलेलं, हिरवट, संथ. कुठं कुठं पाण्याच्या मधोमध टेकड्यांचे माथे वर आलेले. नावेतून बायका मोहाची पोती घेऊन अलीकडच्या काठावर उतरत होत्या. दीपाली आणि रमणकाका पाण्यात पाय सोडून बसले. मी सायसिंग सरांजवळ बसले आणि त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. शुगर नाही, दुसरंच आहे. सर पाण्याकडं बघत म्हणाले, "आमच्याकडंही घरं बसलीत यानं, ताई. माझा मोठा भाऊ त्यातच गेला." त्यांनी भावाचं नाव सांगितलं. काल संध्याकाळी जमिनीवर जी सांडली ती त्याच्याही नावाची होती, असंही सांगितलं. तोवर मला असं वाटत होतं की डोंगरात पिणं ही साधी रीत आहे आणि खाली सपाटीवर आली की ती बिघडते. तसं काही नव्हतं. त्या म्हाताऱ्यानं स्वतःचा मुलगा त्यात गमावला होता, आणि तरी दर चैत्रात तो नाल्यावर मडकं लावत होता. हे कसं जमवून घेतात ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी चांदसैलीचा घाट उतरून तळोद्याकडे आलो. उतारावर वारा कानात घुमतो, बोलता येत नाही, आणि ते बरं होतं. खाली येताच गरम हवा, उसाचे ट्रॅक्टर, टपऱ्यांवरची गाणी. तळोद्याला आम्ही बर्फाचा गोळा खाल्ला. रमणकाकांनी दोन खाल्ले.

त्यानंतर वैशाखात धानोऱ्याला चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं. जेवणानंतर पुरुष मांडवामागं एकेक करून जायला लागले. सुधाकरच्या मावसभावानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला तिकडं वळवलं. मी बायकांच्या पंगतीत वाढत होते, हातात वरणाची बादली. माझ्याकडं बघणाऱ्या नजरा मला पाठीवर जाणवत होत्या. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "जाय ना, देखी ये." मी पुढच्या पानावर वरण वाढलं. मग त्याच्या पुढच्या. बादली रिकामी झाली तेव्हा सुधाकर मांडवात येऊन बसला होता आणि मावसभाऊ त्याच्या शेजारी जिलेबी खात होता. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

यंदा पुन्हा फाल्गुन सरला. रमणकाकांनी पुन्हा तोच बेत काढला. माझ्या शाळेत परीक्षेचं काम होतं, या दिवसांत कार्यालयातून रजा मिळणं शक्य नव्हतं. या वेळी ते खरंच कारण होतं. सुधाकर म्हणाला, मग मीही राहतो. मी म्हटलं, जा. म्हणताना माझा आवाज कसा आला ते मला माहीत नाही, पण त्यानं दुसऱ्या दिवशी सायकलचे टायर बदलले.

धडगावच्या पुढं मोबाइलला रेंज नसते. मधले दोन दिवस फोन नव्हता. मी शाळेत गेले, हॉलतिकिटं वाटली, घरी येऊन स्वयंपाक केला, सासूबाईंच्या गोळ्या दिल्या. त्यांनी एकदाच विचारलं, "उना का फोन?" मी नाही म्हटलं आणि त्या टीव्हीकडं वळल्या. भीती वाटली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. संध्याकाळी दिवा लावताना वाटायची. मग कुकरची शिट्टी व्हायची आणि मी उठायचे.

काल सकाळी धडगावहून फोन आला. मागं जीपवाल्यांची ओरड ऐकू येत होती. सरांचे वडील पावसाळ्यात गेले, सुधाकर म्हणाला. सरांची बदली जूनमध्येच डोंगरातल्या शाळेवर झाली होती, त्यामुळे मला हे माहीत नव्हतं. या वर्षी मडकं सरांच्या आईनं लावलं आहे. तिनं म्हाताऱ्याच्या नावाची जमिनीवर सांडली तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो, असं त्यानं सांगितलं.

"आखो काही इचारनं शे?" त्यानं विचारलं.

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती त्यालाही माहीत होती. तो वाट बघत होता. मागं कोणीतरी तळोद्याच्या गाडीचं नाव पुकारत होतं.

"ऊन चढाना पहिले घाट उतर," मी म्हणाले.

"हा," तो म्हणाला, आणि रेंज गेली. मी फोन चार्जिंगला लावला आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीवर गेले.